‘इतर’चा रकाना

“शिकलेली आहेस ना? मग वाक!” असं मला आयुष्यात एकाच माणसाने सांगितलं.

नोकरीचा पहिलाच आठवडा होता. मी बी.एस्सी. झालेली, वर संगणकाचा डिप्लोमा. लांज्याच्या अलीकडे आमची वाडी आहे, तिथून कॉलेजात जाऊन कॉलेज पुरं केलेली मी पहिलीच. हे मी तेव्हा कुणी न विचारता सांगायची, आताही सांगते. त्यात लाजायचं काय? तर अशी मी, नवा कुर्ता घालून, रत्नागिरीतल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या इमारतीमागे जनरेटरच्या खोलीत उभी होते. समोर साठीपुढचे एक गृहस्थ डिझेलच्या टाकीचं झाकण काढून, हातात बांबूची काठी घेऊन उभे. मला महिन्याच्या तक्त्यासाठी डिझेलचा आकडा हवा होता.

“काका, तुम्ही आकडा सांगा, मी लिहून घेते.”

“आकडा मी नाय सांगत. काठी सांगते. ये, बघ.”

“इथून दिसतंय की.”

“इथून काय दिसतंय? इथून मी दिसतोय. शिकलेली आहेस ना? मग वाक!”

मी वाकले. डिझेलचा वास नाकात गेला तो दोन दिवस गेला नाही. काठी आत गेली, तळाला टेकली, बाहेर आली. ओल कुठवर आली आहे ते त्यांनी मला बोटाने दाखवलं नाही, मलाच शोधायला लावलं. मी सांगितला तो आकडा त्यांनी वहीत पेन्सिलीने लिहिला आणि खाली माझं नाव लिहिलं. “आता ही तुझी जबानी,” म्हणाले. टाकीला बाहेरून काट्याचं मीटर होतं, चांगलं चालूही होतं. त्यावर त्यांनी फडकं टाकून ठेवलेलं असे.

ऑफिसात सगळे त्यांना तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, आणि ह्या नावाचा त्यांना मनस्वी राग होता. तीस वर्षं ते बोटीवर होते हे खरं, पण मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये, अगदी तळाला. “तांडेल वर हवा खातो,” ते म्हणत, “बोट चालवतो तो खालचा.” तरी लोक तांडेलच म्हणत, आणि तेही ओ देत. मी मात्र काकाच म्हटलं.

निवृत्त झाल्यावर ते चार महिने घरी बसले. त्या चार महिन्यांत त्यांनी घरातला प्रत्येक पंखा उघडला, शेजारणीचा मिक्सर उघडला, आणि शेवटी बायकोनेच त्यांना हाताला धरून आमच्या मॅनेजरकडे आणलं, अशी कथा होती. काकींना मी नंतर विचारलं तर त्या म्हणाल्या, “हाताला कशाला धरू? पुढे चालत होते. घरात इंजिनाचा आवाज नाय तर ह्यांना झोप लागत नसे गो. मी फ्रीजशेजारी अंथरूण घालून दिलं, तरी नाय.” तेव्हापासून ते वर्षावर्षाच्या करारावर आमच्या इमारतीची वीज, पाणी, एसी, लिफ्ट आणि जनरेटर सांभाळत.

कपडे कायम एकच: पांढरा होता होता राखाडी झालेला बॉयलर सूट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. पॉलिश केलेले बूट. वरच्या मजल्यांना ते ‘वरचा डेक’ म्हणत आणि वर फार क्वचित येत. आले की एकाच कामाला, एसी बघायला. पुण्याहून बदलून आलेला एक टीम लीड होता, त्याला सतत उकडायचं. तो गुपचूप एसी सोळावर आणायचा आणि वर जाकीट घालून बसायचा. काकांनी एकदा त्याच्या खुर्चीमागे उभं राहून शांतपणे विचारलं, “साहेब, थंडी वाजतेय का?”

“हो ना, जरा जास्तच झालंय.”

“मग जाकीट घातलंत ते बरं केलंत. आता जाकीट काढा आणि एसी सव्वीसवर ठेवा. दोन्ही कामं एकदम होतील.”

रिमोट त्या दिवसापासून बॉयलर सूटच्या खिशात गेला. मॅनेजरलासुद्धा मागून घ्यावा लागे, आणि मागितला की “किती वेळासाठी?” हा प्रश्न आलाच.

‘अंदाजे’, ‘साधारण’, ‘सुमारे’ हे शब्द त्यांना चालत नसत. तुम्ही म्हणालात की साधारण दहा-बारा माणसं येणार आहेत, तर ते विचारत, “दहा की बारा?” कॅन्टीनवाल्या वहिनी म्हणाल्या की मासे आज बरे मिळाले, तर “बरे म्हंजे किती?” वहिनी एकदा वैतागून म्हणाल्या, “तांडेल, तुमच्या लग्नात अक्षतापण मोजल्या असतील तुम्ही.” ते म्हणाले, “नाय मोजल्या. ते राहूनच गेलं.” आणि खरंच राहून गेल्यासारखं तोंड केलं. 

आमची ऑफिसची सहल आरे-वारेच्या किनाऱ्यावर गेली तेव्हाची गोष्ट. निघायचं ठरलं तसं जो तो आपली गाडी काढायला लागला. काका गेटवर आडवे. “एका जागेला जायचं, एका वेळेला यायचं, आणि अकरा गाड्या?” एक बस ठरवायला लावली आणि स्वतः ड्रायव्हरच्या शेजारी बसून ती लिटरला किती देते ह्याची उलटतपासणी केली. उतरल्यावर सगळे पाण्याकडे धावले. हे वरच्या वळणावर, दोन्ही किनारे एकदम दिसतात तिथे, नुसते उभे. मी म्हटलं, “काका, तुम्हाला काय नवीन? तुम्ही तीस वर्षं समुद्र बघितलात.”

“कुठे बघितला? मी खाली होतो,” म्हणाले. “रंग असा असतो होय?”

आम्ही निघेपर्यंत ते तिथेच उभे होते. त्या दिवशी त्यांनी कुणाला काही किती म्हणून विचारलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

एका सकाळी कंपनीच्या मुख्य साहेबांनी सगळ्या ऑफिसांना पडद्यावर एकत्र बोलावून जाहीर केलं, की पुढच्या काही वर्षांत आपली कंपनी हवेत जेवढा कार्बन सोडेल तेवढा परत काढून घेईल, बाकी शून्य. मागे हिरव्या पानाचं चित्र होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. काका त्या दिवशी वरच्या डेकवर होते, प्रोजेक्टरची वायर धरून. टाळ्या थांबल्यावर त्यांनी मला विचारलं, “म्हंजे धूर कमी करायचा?” ते कार्बन हा शब्द कधी वापरत नसत.

“हो.”

“बरंय. उशीर झाला, पण बरंय. सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं आपल्याला धूरच नाय. तुमचा धूर माझ्या खोलीत असतो.”

मग प्रत्येक ऑफिसातून एक समन्वयक मागितला. मी हात वर केला. मला हे काम मनापासून आवडलं होतं, आणि पुढे जायला वाट दिसत होती हेही खरं. पुण्याच्या मुख्य ऑफिसने एक फॉर्म पाठवला. त्यात आपण स्वतः किती इंधन जाळलं, वीज किती वापरली, माणसं कशी ये-जा करतात हे भरायचं. आणि एक वर्ष पायाचं म्हणून धरायचं, ज्याला ते बेसलाइन म्हणतात. पुढची सगळी वर्षं त्याच्याशी ताडायची. त्यापेक्षा धूर जितका कमी, तितकी तुमची प्रगती.

बहुतेक ऑफिसांकडे जुनी नोंद अर्धीमुर्धी होती. आमच्याकडे काकांच्या वह्या होत्या, रोजच्या, एक दिवस न चुकवलेल्या. ते रुजू झाले त्यानंतरचं पहिलं पूर्ण वर्ष मी बेसलाइन धरलं. ते नेमकं चक्रीवादळाचं वर्ष होतं. मी तेव्हा कंपनीत नव्हते, कॉलेजात होते. वहीत डिझेलचे दोन रकाने होते: ‘कंपनी’ आणि ‘इतर’. वादळाच्या दिवसांत ‘इतर’ फार मोठा दिसत होता. मी मनाशी म्हटलं, इतर म्हणजे लिफ्ट, जिन्यातले दिवे, पाण्याची मोटर. फॉर्ममध्ये चौकट एकच होती. मी बेरीज केली आणि टाकली. खाली जनरेटरच्या खोलीत ती वही लिहिणारा माणूस बसला होता. त्याला विचारावं असं मला वाटलं नाही. एवढं काय विचारायचं, मी शिकलेली होते.

दोन वर्षं आम्ही खरोखर काम केलं, हे मला सांगायलाच हवं. रिकाम्या ट्रेनिंग रूमचा एसी जनरेटरवर चालतो हे काकांनी शोधलं आणि ती लाइन तोडली. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून बांबूच्या चिकाचे पडदे लावून घेतले. मी गावागावांतून येणाऱ्यांच्या दुचाक्या कमी करून तीन जीपगाड्या लावल्या. कुवारबाव, पावस, हातखंबा अशा वाटेने त्या माणसं गोळा करत. भांडणं झाली, रुसवेफुगवे झाले, पण धूर कमी झाला. माझ्या कामाची मला लाज नाही.

आणि मग मुख्य ऑफिसची मेल आली. सगळ्या ऑफिसांत सर्वांत जास्त घट रत्नागिरीची! वार्षिक समारंभात ढाल आम्हाला. समन्वयकाला पुण्याच्या नव्या हवामान विभागात कायमची जागा. म्हणजे मला.

आई लांज्याला काजूच्या कारखान्यात बिया सोलते. तिने त्या दिवशी कारखान्यात प्रत्येकीला सांगितलं. प्रत्येकीला म्हणजे प्रत्येकीला, ट्रकवाल्यालाही. आमच्या वाडीतले पुरुष मुंबईला जातात, तिथे मिळेल ते काम करतात. पुण्याला, बोलावून, अशी कुणाला नोकरी मिळाली नव्हती. आईने फोनवर विचारलं, “तुझी खुर्ची फिरती असेल काय गो?” मी म्हटलं, “इथलीपण फिरतीच आहे आई.” ती म्हणाली, “असू दे. तिथली जास्त फिरेल.”

मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन जनरेटरच्या खोलीत गेले. काकांनी हात पुसले, एक पेढा घेतला, अर्धा खाल्ला.

“कुठल्या वर्षाशी ताडलंस?”

“वादळाच्या. तुमचं पहिलं पूर्ण वर्ष तेच ना?”

उरलेला अर्धा पेढा हातातच राहिला. “‘इतर’ धरलंस त्यात?”

“धरलं की. दोन्ही रकाने मिळवले.”

“‘इतर’ म्हंजे काय वाटलं तुला?”

“लिफ्ट... जिन्यातले दिवे...”

“लिफ्ट! झाडं मोडून पडलीत, रस्ता नाय, आणि मी लिफ्ट चालवतोय! बस इथे.”

मी पिंपावर बसले आणि त्यांनी सांगितलं. वादळाच्या आदल्या दिवशी हवेचा दाब उतरताना बघून त्यांनी डिझेलची दोन पिंपं भरून ठेवली होती. वादळ गेलं, विजेचे खांब आडवे झाले. आमच्या ऑफिसचं काम परदेशी गिऱ्हाइकाचं, म्हणून संध्याकाळी चार माणसं येऊन बसत आणि तेवढ्यापुरतं जनरेटरचं मशीन चाले. दिवसा ते बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर शेजारच्या सोसायटीतली माणसं आली. टाकीत पाणी चढवायला पंप चालत नव्हता. एका घरात म्हातारबुवांचं श्वासाचं मशीन बंद पडलेलं. कुणाला मुंबईत पोराला सांगायचं होतं की आम्ही जिवंत आहोत, आणि फोन मेलेला. काकांनी कुंपणावरून केबल टाकली. सकाळी मशीन लोकांसाठी, संध्याकाळी कंपनीसाठी. मध्ये बंद करून टाकीत काठी घालायची आणि दोन्ही वेळचं वेगळं लिहायचं. वीज येईपर्यंत रोज.

“कुणाला विचारलंत?”

“कुणाला विचारू? विचारायला फोन चालू लागतो. तो चार्ज करायलाच तर लोक आले होते.”

“आणि नंतर?”

“नंतर मला कुणी विचारलं नाय. मी लिहिलं होतं की.” त्यांनी उरलेला पेढा बॉक्समध्ये परत ठेवला. एरवी तसं त्यांनी कधी केलं नसतं. “बाय, तू काय केलंस कळलं काय तुला? शेजाऱ्यांची वीज परत आली. आणि आपण कंपनीला सांगितलं, की बघा, आम्ही धूर कमी केला.”

मला कळलं. लगेच कळलं. गणित मला चांगलं येतं. तो रकाना काढला की वादळाचं वर्ष चारचौघांसारखं होतं, आणि आमची घट इतकी बारीक होते की ढाल सोडा, यादीत खालून शोधावं लागलं असतं.

मी म्हटलं, “काका, हे कुणाला कळणार नाही.”

“मला कळलं. तुला कळलं.”

“दोघांनाच ना?”

“दोन माणसं कमी झाली?”

मी काही फार थोर मुलगी नाही. दोन दिवस मी मेल लिहिली नाही. मी स्वतःला सांगत होते, की हे सगळं बाहेर आलं तर काकांचं काय? कंपनीचं डिझेल बाहेरच्यांना दिलं, न विचारता, दिवसचे दिवस. त्यांचा करार पुढच्या महिन्यात संपत होता. पुण्याचे लोक कशाला नवा करतील? आणि हा माणूस पुन्हा घरी बसला तर फ्रीजशेजारी अंथरूण. म्हणजे गप्प बसणं हेच माणुसकीचं, असं मी मनात अगदी नीट मांडून ठेवलं. तिसऱ्या दिवशी तसंच त्यांच्यापुढे मांडलं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, “माझी नोकरी जाईल, बरोबर.”

“मग?”

“ती माझी मी बघतो. पण माझ्या नावाने तू तुझं झाकू नको हां.”

ते रागावले असते तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. पण ते अगदी साध्या आवाजात बोलले. मी वही घेऊन वर गेले, दोन्ही रकान्यांच्या पानांचे फोटो काढले, आणि मेल लिहिली: चूक माझी आहे, बेरीज करताना मी विचारलं नाही, खरे आकडे सोबत आहेत. पाठवण्याआधी आईला फोन केला. तिला सगळं सांगितलं. मागे कारखान्यातल्या बायांचा गलका ऐकू येत होता. मग म्हणाली, “आता ह्या सगळ्यांना परत सांगू?”

“सांग.”

“काय सांगू?”

“मी चुकले होते, ते मीच दुरुस्त केलं, म्हणून सांग.”

“ते ‘मीच’ पहिलं सांगते,” ती म्हणाली.

मेलचं उत्तर म्हणून थेट पडद्यावर मीटिंग लागली. पुण्याहून हवामान विभागाच्या मुख्य बाई आणि प्रशासनाचे साहेब. इकडून आमचे मॅनेजर, मी आणि काका. काका बॉयलर सूटमध्ये, वह्या मांडीवर. साहेबांनी सुरुवातच केली. “कंपनीचं इंधन बाहेर वापरायला परवानगी कुणी दिली?”

“कुणी नाय साहेब. फोन बंद होते.”

“फोन सुरू झाल्यावर का कळवलं नाही?”

“कळवलं की. रोज लिहिलंय. महिन्याच्या शेवटी प्रत्येक पानावर तुमच्या माणसाची सही आहे.” त्यांनी वही पडद्यासमोर धरली. आमचे मॅनेजर एकदम पाणी प्यायला लागले. सह्या त्यांच्याच होत्या. न वाचता केलेल्या, बाराही महिने.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, “माझी अडचण निराळी आहे. हे डिझेल कंपनीच्या कामाचं नाही, म्हणजे मी आपल्यात धरायला नको. पण जाळलं तर आपल्याच मशीनमध्ये. सोडून देता येत नाही. मग हे टाकू कुठे? फॉर्ममध्ये ह्याला जागाच नाही.”

“माझ्या नावावर टाका,” काका म्हणाले.

बाई हसल्या. काका हसले नाहीत.

“तसं करता येत नाही हो.”

“मग जागा करा. म्हाताऱ्याचा श्वास चालला, पाणी चढलं, ते चांगलंच झालं. पण धूर पण झाला ना? चांगल्या कामाचा धूर वर जाऊन काय वेगळा होतो? तुम्ही शून्य करणार म्हणता, तर सगळा धरून करा. नायतर ते शून्य नव्हे, नुसती गोल रेघ.”

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं, एवढं मला दिसलं.

जे व्हायचं ते झालं. ढाल नागपूरच्या ऑफिसला गेली. पुण्याची जागाही तिथल्याच एका मुलाला मिळाली. चांगला मुलगा आहे, आता आमचं बोलणं होतं. आमची घट कागदावर अगदी बारीक उरली. वरच्या डेकवर आठवडाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही; टीम लीडने तर “ढालीचं लोणचं घाला आता” असं सर्वांसमोर ऐकवलं. मी म्हटलं, “घालते, तुम्ही एसीचा रिमोट मागू नका, मुरायला थंडी नको.” मला दुःख झालं होतंच. पण फॉर्मवर खाली माझं नाव होतं आणि वरचा प्रत्येक आकडा खरा होता. ते मी आज कुठेही, कुणासमोरही उघडून दाखवीन.

काकांना ताकिदीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की आपण सुमारे नऊ दिवस कंपनीचं इंधन विनापरवानगी वापरलं. त्यांनी पेन्सिल काढली, ‘सुमारे’ खोडलं, ‘नऊ’ खोडून ‘अकरा’ केलं, सही करून परत पाठवलं. करार मात्र नवा झाला. मॅनेजरना आपल्या सह्यांची चर्चा पुन्हा नको होती, असं माझं मत आहे.

पुढचं वर्षभर ते होते. नंतर गुडघे धरले, जनरेटरच्या खोलीच्या पायऱ्या जमेनात, आणि ते आपणहून थांबले. शेजारच्या सोसायटीतले लोक निरोपाला गेटवर आले होते. त्यातल्या एका आजीबाईंनी त्यांच्या हातात नारळ दिला आणि म्हणाल्या, “तांडेल, आमचे हे तुमच्या मशीनवर दोन वर्षं जास्त जगले.”

“मी तांडेल नव्हे,” काका म्हणाले. “आणि मशीनवर अकरा दिवसच होते. पुढचे ते आपले जगले.”

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. ढाल गेली त्याच वर्षअखेरीस मुख्य ऑफिसने सगळ्यांना नवा फॉर्म पाठवला. त्यात एक ओळ वाढवली होती: कंपनीच्या कामाव्यतिरिक्त, लोकांसाठी जाळलेलं इंधन. मागच्या वर्षांचंही असेल तर भरा, पुढे कारण लिहा, कुणाला जाब विचारला जाणार नाही. मला वाटलं, ही ओळ आमच्यासाठी केली आहे आणि ती आम्हीच भरणार. बाकीच्या ऑफिसांत असला खटाटोप कोण करतोय?

सगळ्या ऑफिसांचे फॉर्म एकत्र होऊन आले तेव्हा मी ती ओळ उघडली. चेन्नईने भरली होती. कोचीने भरली होती. ओडिशातल्या ऑफिसाने भरली होती, कोल्हापूरने पुराची भरली होती. कारणाच्या जागी कुणी लिहिलं होतं, पाण्याचा पंप. कुणी लिहिलं होतं, समोरचं प्रसूतिगृह. कुणी फक्त, मोबाइल, खूप. इतकी वर्षं ह्या सगळ्यांनी ते कुठे लपवलं होतं कोण जाणे. बहुतेक माझ्यासारखंच, दुसऱ्या कशात तरी मिळवून.

मी ती पानं छापून काकांकडे नेली. मला वाटलं, त्यांना भरून येईल. मला आलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ शांतपणे वाचली. ओडिशाच्या ओळीवर थांबले, परत वर गेले, परत खाली आले.

“हा बघ. वीज नव्हती सात दिवस म्हणतो, आणि डिझेल लिहिलंय पाच दिवसांचं.”

“असेल काका, विसरला असेल.”

“विसरला कसा? उरलेले दोन दिवस मशीन काय वाऱ्यावर चालवलान? लोकांना दिलेलं लिहायला लाजला असेल मेला.” त्यांनी कागद माझ्या हातात दिला. “फोन लाव त्याला. सांग, कोणी ओरडणार नाय, पण सातच्या सात दिवसांचं लिही.”

मी फोन लावला.